एका कोळ्याचा जामीनदार

बँकेतल्या ३४ वर्षांच्या नोकरीत मी कुणाला जामीन राहिलो नाही. दुसऱ्यांच्या जामीनदारांना नोटिसा पाठवण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्या एका सहीचं वजन मला ठाऊक होतं. सख्ख्या मेहुण्याच्या स्कूटरच्या कर्जालाही मी सही दिली नाही, आणि त्यावरून सासुरवाडीत माझ्याविषयी काय बोललं जातं हेही मला ठाऊक आहे. त्याच मी २०२५ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका दुकानाच्या काउंटरवर सही केली, आणि तीही एका कोळ्यासाठी!

घराच्या कोपऱ्यात जळमटं विणणारा आपल्या ओळखीचा कोळी नव्हे. हा टॅरंटुला. पूर्ण वाढला की तळहात व्यापून बोटांवर उतरेल एवढा, अंगभर केस, आणि पायांच्या सांध्यांवर कुणी शेंदूर लावावा तसे तांबडे-केशरी पट्टे. मूळचा मेक्सिकोचा. शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. आम्ही आणला तो अजून लहान होता, दोन रुपयांच्या नाण्यावर पाय पसरून बसला तर थोडा बाहेर येईल इतका.

लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत. नातू ईशान बारा वर्षांचा. भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही, जावयांना मांजराची ॲलर्जी, आणि वर्गातल्या एका मित्राकडे टॅरंटुला आहे. एवढ्या तीन विधानांवरून पोराने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘बाबा, तुम्ही त्याच्याबरोबर जा आणि नको म्हणून या. तुमचं तो ऐकतो.’’ मी गेलो आणि सही करून आलो. आमच्या सौ. दारातच म्हणाल्या, ‘‘जन्मभर केरसुणीने काढले, आता पैसे देऊन आणलात?’’

सही का, तर दुकानदाराला मोठ्या माणसाची जबाबदारी हवी होती. मी बँकेच्या सवयीने विचारलं, ‘‘कायदा आहे का तसा?’’ तो हसून म्हणाला, ‘‘नाही, दुकानाचा नियम आहे.’’ मागाहून वाचलं तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला. इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. पण त्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे पाठीचा कणा असलेला. २०२२ साली तिथल्या संसदेने प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला, त्यात खेकडे, शेवंड आणि आठ पायांचे ऑक्टोपस यांना जागा मिळाली, आठ पायांच्या कोळ्याला नाही. ज्याला कणा नाही त्याला कायदा नाही, असा हा प्रकार. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्यात माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी. शब्दांच्या बाबतीत आपण केवढे उदार आहोत, हे अशा वेळी लक्षात येतं.

हा कोळी पाळायला सोपा असतो, असं सगळेच सांगतात, आणि ते खरं आहे. हवा खेळेल अशी झाकणबंद काचेची किंवा प्लास्टिकची पेटी. लांबी कोळ्याच्या पसाऱ्याच्या साधारण तिप्पट. तळाला काथ्याचा भुसा, चांगला चार-पाच बोटं दाबून बसवलेला. आमच्या त्या भुशाच्या विटेवर ‘श्रीलंका’ असं छापलं होतं, म्हणजे नारळ आमच्याकडच्याच समुद्राचा. लपायला झाडाच्या सालीचा तुकडा, पाण्याची उथळ वाटी, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा त्याच्या पोटाहून लहान असा एखादा रातकिडा. कोळी मोठा झाला की आठवडा-दहा दिवसांनी एकदा खायला घातलं तरी पुरतं. न खाल्लेला रातकिडा दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा. दिवा नको, फिरायला नेणं नको, भुंकणं नाही, वास नाही.

जे करायचं नाही त्याची यादी मात्र करायच्या गोष्टींपेक्षा मोठी आहे. पेटी उंच घ्यायची नाही, कारण जमिनीवर राहणारा हा जीव काचेवर चढतो आणि वीतभर उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं. हातावर घ्यायचा नाही, तेही याच कारणाने. आपल्याला त्याची भीती वाटते, पण दोघांत नाजूक तोच. टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिका खंडातले बरेचसे टॅरंटुला चिडले तर चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस झाडतात. त्या केसांना सूक्ष्म आकडे असतात. लीड्स शहरातल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची हकिगत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. पेटी साफ करताना उडालेले केस त्याच्या बुबुळात रुतून बसले होते. आपल्याकडच्या टॅरंटुलांपाशी हे केसांचं शस्त्र नाही. ते सरळ चावतात, आणि आपल्या झाडांवरच्या काही जातींच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात, तेही कित्येक दिवस. आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची. किडे मारणारं कोणतंही औषध त्यालाही मारतं. झुरळांचा फवारा, डासांची कॉइल, शेजारच्या फ्लॅटमधलं पेस्ट कंट्रोल, यांतलं काहीही पुरतं.

आणि हा प्राणी तुम्हाला ओळखत नाही. ईशानला हे पटायला पंधरा दिवस लागले. शाळेतून आला की तो पेटीपाशी बसून दिवसभरातल्या गोष्टी सांगे. एकदा मला विचारलं, ‘‘आजोबा, तिला माझा आवाज कळत असेल ना?’’ मादी आहे हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, ‘‘जमीन हललेली कळते. तू आहेस हे नाही कळत.’’ तो जरा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीपासून पेटीपाशी पाऊल हलकं टाकायला लागला. परतफेडीची अपेक्षा न ठेवता कुणाची काळजी घेणं हे मला बँकेने शिकवलं नव्हतं. बाराव्या वर्षी ते शिकायला मिळत असेल, तर सही अगदीच वाया गेली नाही, असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये कोळ्याने खाणं सोडलं. पोटावर जिथे केस विरळ होते तिथली कातडी काळी पडली. मग एका रविवारी सकाळी पोर रडत खाली आलं. पेटीत कोळी उताणा पडला होता, आठही पाय वर. मीही पाहिला, आणि खरं सांगतो, मला तो मेलेलाच वाटला. ईशान त्याला सुलटा करायला झाकण उघडणार, इतक्यात जावयांनी ओरडून थांबवलं. त्यांनी रात्री बसून वाचून ठेवलं होतं. टॅरंटुला कात टाकताना उताणा होतो. मरायला टेकलेला टॅरंटुला बहुधा उताणा पडत नाही, तो पाय पोटाखाली मुडपून घेतो. अशा वेळी बोट लावलं तर मात्र तो खरोखरच मरेल. आम्ही चौघं आणि शेवटी आमच्या सौ.सुद्धा, पेटीभोवती बसून राहिलो. काही तासांनी जुन्या अंगातून नवं अंग बाहेर आलं, ओलं, फिकट, आणि पहिल्यापेक्षा मोठं. दात कठीण होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, त्याला खायला घालायचं नव्हतं. त्या दिवसांत एखादा रातकिडा पेटीत राहिला असता, तर त्यानेच कोळ्याला कुरतडलं असतं.

त्या टाकलेल्या कातीवर माझ्या जामिनाची मुदत अवलंबून होती. लहान कोळी वरवर पाहून नर की मादी हे कळत नाही. कात पाण्यात भिजवून उलगडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोटाच्या आतली बाजू पाहायची, की कळतं. नर असेल तर ५ ते १० वर्षांत कारभार आटोपतो. मादी असेल तर २० ते २५ वर्षं, क्वचित त्याहून जास्त. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या विदुषींनी १९७४ मध्ये ज्या कोळ्यांच्या बिळांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली, त्यातली एक मादी ४३ वर्षं जगली. ती टॅरंटुला नव्हे, त्याच्या लांबच्या गोतावळ्यातली, बिळाला झाकण करणारी. पण हिशेब लक्षात यावा म्हणून सांगितलं. मी ६६ वर्षांचा आहे. २५ वर्षांच्या कर्जाला ६६ वर्षांचा जामीनदार मी माझ्या शाखेत कधीही मान्य केला नसता.

मुदतीनंतर प्रश्न येतो तो मालाच्या उगमाचा. बँकेत ‘आपला ग्राहक ओळखा’ असा नियम आहे. कोळी पाळणाऱ्यानेही आधी आपला कोळी ओळखावा. आमच्या दुकानदाराने एक कागद दिला. त्यावर शास्त्रीय नाव होतं, आणि जन्म इंग्लंडातच, पाळलेल्या आईच्या पोटी, अशी नोंद होती. या मेक्सिकन कोळ्यांना पाळणाऱ्यांनी इतकं ओरबाडलं, की वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारात १९८५ सालीच त्यांची नोंद करावी लागली. आज बाजारात जे मिळतात त्यांतले पुष्कळ पेटीतच जन्मलेले असतात. पण पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत.

आम्ही लेस्टरला असतानाच, जुलैमध्ये, जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळावरची बातमी आली. व्हिएतनामहून आलेल्या पार्सलात चॉकलेट केकचे डबे होते. वास केकचा येईना, म्हणून कस्टम्सनी ते उघडले. आत प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये सुमारे १५०० टॅरंटुलांची पिल्लं. बरीचशी मेलेली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे एका दक्षिण कोरियन प्रवाशाचं पोट जरा जास्तच सुटलेलं दिसलं. अंगाला बांधलेल्या पट्ट्यांतून ३२० टॅरंटुला, ११० गोमी आणि ९ मोठ्या मुंग्या निघाल्या. आणि हे परदेशातच घडतं असं नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईला पोलंडहून आलेल्या पार्सलात चंदेरी कागद नि कापसात गुंडाळलेल्या १०७ लहान कुप्या सापडल्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या जातींचा. पत्ता तामिळनाडूतला होता. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याचा दाखला नव्हता, म्हणून तो माल परत पोलंडला पाठवायचं ठरलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात कोळी-विंचवांच्या १२०० हून अधिक जाती जगभर विक्रीला असल्याचं दिसलं. साइट्सच्या यादीत त्यांतल्या मूठभरच आहेत.

हा व्यापार एकेरी नाही. आपल्याकडूनही माल गेला आहे. त्याची एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली असते. आंध्रातल्या त्याच गुत्तीला रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक निळा, मोरपिशी टॅरंटुला सापडला आणि १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन छापलं. नाव पोइसिलोथेरिया मेटॅलिका. पुढे शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही, कारण तो गुत्तीचा नव्हताच. लाकडांबरोबर आगगाडीने आला असावा, असा तर्क आहे. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा, आणि उभ्या जगात तेवढ्या एकाच भागात, शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी जागेत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. मात्र पुन्हा सापडल्यावर थोड्याच काळात तो युरोप-अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांच्या पेट्यांमध्ये पोचला. या साऱ्या पोइसिलोथेरिया कुळाला साइट्सचं संरक्षण मिळालं ते २०१९ मध्ये, आणि त्यासाठी प्रस्ताव मांडला होता श्रीलंका आणि अमेरिकेने. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पाळणारे यावर एक उत्तर देतात, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. ते म्हणतात, आम्ही पेट्यांत त्याची पैदास केली म्हणून भाव उतरला, भाव उतरला म्हणून चोरी परवडेनाशी झाली. शिवाय त्याचं जंगल आम्ही तोडलं नाही, तुमच्याच लाकूडतोड्यांनी तोडलं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण ताळेबंदाची दुसरी बाजू त्यात येत नाही. पहिले कोळी ज्या ढोलीतून उचलले, तिच्या खात्यात कुणी काही जमा केलं नाही. पेटीतली हजारो पिल्लं त्या जंगलात परत जात नाहीत. आणि नवी जात सापडल्याचा शोधनिबंध हा तस्करासाठी पत्त्याचा कागद ठरू शकतो, म्हणून काही संशोधक आता नेमकं ठिकाण छापतच नाहीत. ज्या शास्त्राचा पाया ‘कुठे सापडलं’ हे सांगण्यावर उभा आहे, त्याला पत्ता लपवावा लागणं, ही या हौसेची खरी किंमत आहे.

पुण्यात परतल्यावर आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा घरी आला. ईशानचे फोटो माझ्या फोनवर त्याने पाहिले होते. ‘‘काका, मलाही एक हवाय. कुरिअरने येतो म्हणे, काही भानगड नाही.’’ मी त्याला बसवून सरकारी बाजू सांगितली. जून २०२० मध्ये केंद्राने एक अभय योजनाच काढली. विदेशी प्राणी घरात असेल तर सहा महिन्यांत जाहीर करा, कागद विचारणार नाही. १९९७ ची काळ्या पैशाची स्वेच्छा प्रकटीकरण योजना माझ्या टेबलावरून गेली आहे, त्यामुळे मला ही भाषा नवी नव्हती. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. साइट्सच्या यादीतले जे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्यांची नोंद, जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं सरकारच्या ‘परिवेश’ यंत्रणेत कळवायचं. नियम चांगले आहेत. त्यांची मर्यादा एवढीच, की या यादीबाहेर राहिलेल्या शेकडो जातींना ही नोंदवही लागू नाही, आणि नखाएवढ्या कोळ्याची कुपी प्रत्येक पार्सलात शोधणं कोणत्याही कस्टम्सला शक्य नाही. ज्या मालाला तारण नाही, दाखला नाही, विकणाऱ्याला नाव-गाव नाही, त्यात पडू नये, हे सांगायला बँकवाला लागत नाही.

मुलगा हिरमुसला. मग मी त्याला आमच्या गावची गोष्ट सांगितली. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरामागे जांभ्याचा गडगा होता आणि त्याच्या पायथ्याशी मातीत रेशमाचं अस्तर लावलेली बिळं. पावसाळ्याच्या तोंडावर तिन्हीसांजेला बिळाच्या तोंडाशी दोन केसाळ पाय दिसत. मी एकदा काठी घातली, तर आजीने ती हातातून ओढून घेतली. म्हणाली, ‘‘त्येच्या घरात काठी घालू नको. तो तुझ्या घरात येता काय?’’ तिने साइट्सचं नाव ऐकलं नव्हतं. सह्याद्रीत असे टॅरंटुला आजही आहेत. जाणकार माणसाबरोबर पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन हिंडावं, गुडघ्यावर बसून पाहावं, आणि बिळ आहे तिथे ठेवून घरी यावं. ज्याचा कोळी सह्याद्रीत राहतो, त्याने तो पोलंडहून का मागवावा? ईशानला हा पर्याय नव्हता. लेस्टरच्या परसात टॅरंटुला नाही.

मुलगा माझ्याबरोबर जूनमध्ये आंबोलीला येणार आहे. येईल की नाही, पाहू.

सप्टेंबरमध्ये आम्ही निघालो त्या सकाळी ईशानने मला एक काड्यापेटी दिली. आत कापसावर ती कात होती, आठही पायांसकट. शाळेतल्या शिक्षिकेने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निकाल दिला होता. मादी. पोराने सांगितलं, ‘‘आजोबा, ही तुम्हाला. तुम्ही सही केलीत ना.’’

ती काड्यापेटी मी घेतली नाही. करारात असलेल्या प्राण्याची टाकलेली कातसुद्धा सरहद्द ओलांडायला परवाना मागते, हे मला तोवर कळलं होतं. खिशात घालून आणली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण कुरिअरचा तो मुलगा तरी दुसरं काय म्हणत होता? मी ईशानला कारण सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग थोडा विचार करून त्याने पेटी टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाला, ‘‘मग तुम्हीच या बघायला.’’

हिशेबाने ती २०५० च्या आसपासपर्यंत जगेल. तेव्हा तो ३७ वर्षांचा असेल. जामीन माझा होता, हप्ते मात्र तोच भरतो आहे. दर रविवारी फोनवर सांगतो, ‘‘खाल्लं तिने.’’